चर्चमधल्या रविवारच्या उपासनेनंतरचा चहा, ६० जणांसाठी

दूध ३ लिटर, पाणी ३ लिटर, चहा पावडर १२० ग्रॅम, साखर ५०० ग्रॅम. उपदेश सुरू झाला की एकाने हळूच उठून शेगडी पेटवावी. मोठं पातेलं वेळ खातं. किसलेलं आलं आधी पाण्यात पाच मिनिटं खळखळ उकळा. कच्चं आलं दुधात पडलं की दूध फाटतं. साखर घालण्याआधी एक थर्मास बाजूला काढा, वर ‘बिनसाखरेचा’ अशी चिठ्ठी लावा.

ट्रे दाराशीच हवा. शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्यात नव्याने आलेली मुलं उपासनेच्या शेवटी आशीर्वाद होताच चपला घालतात. पहिला कप त्यांना द्या, नाव विचारा, पुढच्या रविवारी कप विसळायला बोलवा. काम मिळालं की माणूस रुळतो.