आगरात फोन किती चुकतो? लोकेशनची अचूकता मोजण्याची पद्धत

लोकेशनवर चालणाऱ्या सेवांवर प्रबंध लिहिताना ‘मोबाइलची अचूकता पाच मीटर धरली आहे’ असं एक वाक्य टाकून पुढे जायची पद्धत पडली आहे. हा आकडा मोकळ्या आकाशाखालचा. कोकणात माणसं राहतात ती माडा-पोफळींच्या आगरात, जांभ्याच्या गडग्यांमधल्या पाखाडीत (चिंचोळ्या पायवाटेत), सड्याच्या म्हणजे कातळी पठाराच्या पायथ्याशी. तिथला आकडा तिथेच मोजावा लागतो. निळ्या ठिपक्याभोवती दिसणारा फिकट गोल म्हणजे फोनचा स्वतःबद्दलचा दावा. तो खरा किती, हे तपासणं हा या मोजणीचा अर्धा भाग आहे.

जागा आणि खूण

चार जागा पुरतात: तुलनेसाठी उघडा सडा, किनाऱ्यालगतची मोकळी जागा, दाट आगर आणि पायथ्याची पाखाडी. पुळणीवर खूण टिकत नाही, म्हणून किनाऱ्यावर धक्क्याचा कठडा किंवा पक्का कातळ निवडा. खूण म्हणजे छिन्नीने काढलेली बोटभर फुली किंवा ऑइलपेंटचा ठिपका. सड्यावर आसपास कातळशिल्पं असतील तर छिन्नीही नको आणि रंगही नको. तिथे सुट्या दगडाखाली खिळा ठोकून काम भागवा.

आता या खुणेचे खरे अक्षांश-रेखांश हवेत, आणि बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. उपग्रहचित्रावर खूण शोधून तिथले आकडे उतरवणं सोपं असतं, पण ते चित्रच कधी कधी काही मीटर सरकलेलं असतं. मग फोनची चूक मोजतोय की चित्राची, हे सांगता येत नाही. दुसरा मोह म्हणजे त्याच फोनच्या तासाभराच्या नोंदींची सरासरी ‘खरी जागा’ मानणं. फोन सतत पूर्वेकडे सरकत असेल तर सरासरीही पूर्वेलाच जाते.

खरा मार्ग आरटीके रोव्हरचा, म्हणजे जवळच्या स्थिर स्थानकाकडून दुरुस्ती घेऊन सेंटिमीटरपर्यंत स्थान सांगणाऱ्या यंत्राचा. स्थापत्य विभाग असलेल्या अनेक महाविद्यालयांत तो असतो, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचं कॉर्स स्थानकांचं (अशी दुरुस्ती सतत पुरवणाऱ्या स्थिर स्थानकांचं) जाळं महाराष्ट्रात आहे, त्यामुळे स्वतःचं बेस स्टेशन लावायची गरज पडत नाही. पडद्यावर ‘फिक्स्ड’ (स्थान पक्कं झालं) दिसेल तेव्हाच नोंद घ्या, ‘फ्लोट’वर (अजून पक्कं नाही) घेऊ नका. माडांखाली रोव्हर सहसा फिक्स होतच नाही. म्हणून आगराबाहेर उघड्यावर, एकमेकांना दिसतील असे दोन बिंदू रोव्हरने ठरवायचे आणि तिथून टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या दुर्बिणीच्या यंत्राने) आत यायचं. टोटल स्टेशन नसेल तर आगरातली खूण कडेपासून पंचवीस-तीस मीटरच्या आतच ठेवा आणि दोन्ही बिंदूंपासून टेप ताणून अंतरं घ्या. टेपला झोल राहू देऊ नका आणि उतारावर टेप आडवीच धरा. फोनची चूक मीटरांत असते, त्यामुळे खूण दहा सेंटिमीटरपर्यंत बरोबर असली तरी चालते.

फोनची तयारी

निदान दोन फोन घ्या. त्यांतला एक दुहेरी फ्रीक्वेन्सीचा, म्हणजे जीपीएसच्या एल१ (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) बरोबर एल५ (११७६.४५ मेगाहर्ट्झ) घेणारा असला तर उत्तम. ‘जीपीएसटेस्ट’ हे मोफत अ‍ॅप फोनला कोणते उपग्रह आणि कोणत्या फ्रीक्वेन्सी मिळतात ते दाखवतं. नाविक ही भारताची उपग्रह प्रणाली मिळते का, तेही तिथेच कळतं. नोंदीसाठी गूगलचं ‘जीएनएसएस लॉगर’ चालतं (जीएनएसएस म्हणजे जीपीएससारख्या सगळ्या उपग्रह प्रणालींचं एकत्र नाव). बॅटरी वाचवायला फोन मधूनमधून उपग्रह ऐकणं थांबवतो. ते टाळायला डेव्हलपर पर्यायांत पूर्ण जीएनएसएस मोजमापाची सक्ती चालू करा.

स्थान कुठून आलं, याचा रकाना नोंदीत हवाच. नकाशाचं अ‍ॅप दाखवतं ते स्थान उपग्रह, वाय-फाय, मोबाइल टॉवर आणि फोनचे सेन्सर यांचं मिश्रण असतं. गाडी चालवताना तर ठिपका रस्त्यावर ओढूनही बसवला जातो. निव्वळ उपग्रहांचं स्थान आणि मिश्र स्थान या दोन वेगळ्या मालिका ठेवा. पावसाळ्यात वीज गेली की राउटर बंद पडतात आणि मिश्र स्थान वेगळं वागू लागतं, म्हणून वीज होती की नाही, हेही वहीत लिहा. कोकणात हा रकाना रिकामा राहत नाही.

फोनची भाषा मराठी असेल तर नोंद सुरू करण्याआधी ती इंग्रजी करा. काही अ‍ॅप फाइलमध्ये देवनागरी अंक लिहितात, मग स्प्रेडशीट त्यांना आकडे न मानता मजकूर समजते आणि सरासरी निघत नाही.

नोंदी

फोन खुणेच्या बरोबर वर, ओळंब्याने जुळवून, दीड मीटर उंचीच्या तिपाईवर ठेवा. गाडीच्या बॉनेटवर नको, कारण पत्र्यावरून परावर्तित होणारा सिग्नल मोजणी बिघडवतो. पावसासाठी साधी प्लास्टिकची पिशवी चालते, चंदेरी अस्तराची छत्री नको. फोन ठेवला की दोन-तीन मीटर लांब उभे राहा. माणसाचं शरीर बहुतांश पाणीच आहे आणि ते सिग्नल अडवतं.

पहिली पाच मिनिटं सोडून द्या. फोन सुरू झाल्यावर स्थान मिळायला किती वेळ लागतो, हा वेगळा प्रयोग आहे. जीपीएस उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो. डेटा असेल तर फोन तीच माहिती इंटरनेटवरून चटकन उचलतो. रेंज नसलेल्या खाडीकाठी ती आकाशातूनच घ्यावी लागते आणि झाडाखाली ती मध्येच तुटते. ‘लोकेशन येतच नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

मग सेकंदाला एक या वेगाने तीस मिनिटं, म्हणजे १८०० नोंदी. सकाळी, दुपारी दोनच्या सुमारास आणि सूर्यास्तानंतर आठ ते दहाच्या दरम्यान अशा तीन फेऱ्या करा. दुपारी आयनमंडलामुळे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे, सिग्नलला सर्वाधिक विलंब होतो. आपल्या अक्षांशांवर तो युरोपपेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे तिकडच्या अभ्यासांतले आकडे इथे तसेच लागू होत नाहीत. सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सूर्यावरची हालचाल वाढलेल्या वर्षांत सिग्नल थरथरतो.

सकाळी सडा आणि दुपारी आगर मोजून तुलना करू नका. तेवढ्या वेळात डोक्यावरचे उपग्रह बदललेले असतात. एकाच वेळी एक फोन सड्यावर आणि दुसरा आगरात ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी फोनांची अदलाबदल करून चार मिनिटं आधी सुरू करा. जीपीएस उपग्रहांची मांडणी जवळजवळ एका नाक्षत्र दिवसाने (ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीच्या एका फेरीने), म्हणजे रोज सुमारे चार मिनिटं लवकर, पुन्हा तशीच येते. रशियाच्या ग्लोनास आणि युरोपच्या गॅलिलिओ या प्रणालींना ही सोय नाही. त्यांची मांडणी अनुक्रमे आठ आणि दहा दिवसांनी जुळते.

एक सापळा हमखास पकडतो. फोन स्थिर आहे असं चिपच्या लक्षात आलं की कित्येक चिप स्थान गोठवतात. तेच आकडे शेकडो वेळा येतात, विखुरणी जवळपास शून्य दिसते आणि फोन सहा मीटर लांबच बसलेला असतो. फाइलमध्ये सलग सारखे आकडे दिसले की हेच झालेलं असतं. म्हणून प्रत्येक जागी चालती चाचणीही करा: वीस मीटरवरून चालत खुणेपाशी या, दहा सेकंद थांबा, नोंद घ्या, परत जा. वेगवेगळ्या दिशांनी असं वीस वेळा. खरा वापरकर्ता असाच येतो, तिपाई घेऊन नाही.

हिशेब

आधी वेळ. एनएमईए (उपग्रह रिसीव्हर स्थान लिहितात तो ठरावीक साचा) ओळींतली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. कच्च्या मोजमापांतली जीपीएस वेळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढे असते. दोन फाइली जुळवताना हे १८ सेकंद विसरलात तर चालत्या चाचणीत माणूस वीस मीटर मागे-पुढे दिसतो.

मग कोन. एनएमईएमध्ये १६५९.५००० असं दिसलं तर त्याचा अर्थ १६ अंश ५९.५ मिनिटं, म्हणजे १६.९९१६७ अंश. तो १६.५९५ असा वाचला की बिंदू चाळीसेक किलोमीटर दक्षिणेला जातो. दशांश अंशांत पाच स्थळं तरी ठेवा, कारण पाचव्या स्थळाचा एक आकडा म्हणजे सुमारे १.१ मीटर.

क्यूजीआयएस या नकाशाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल ईपीएसजी ४३२६ (अक्षांश-रेखांशांच्या पद्धतीचा क्रमांक) म्हणून उघडा आणि ईपीएसजी ३२६४३ मध्ये, म्हणजे मीटरांत मोजणाऱ्या यूटीएम प्रक्षेपाच्या ४३ उत्तर विभागात रूपांतरित करा. आपला सगळा कोकण किनारा याच विभागात येतो, आणि रत्नागिरीच्या आसपास या प्रक्षेपाचं प्रमाण जवळजवळ नेमकं १ आहे, त्यामुळे नकाशावरचं अंतर तेच जमिनीवरचं. वेब नकाशांच्या ईपीएसजी ३८५७ मध्ये मात्र अंतर मोजू नका. १७ अंश उत्तरेला तिथे प्रत्येक अंतर साडेचार टक्क्यांनी फुगतं.

प्रत्येक नोंदीतून खुणेचे आकडे वजा करून पूर्वेकडची आणि उत्तरेकडची चूक दोन रकान्यांत ठेवा. समजा पूर्वेला ६ मीटर आणि दक्षिणेला २ मीटर चूक आहे, तर एकूण चूक √(३६ + ४) = ६.३ मीटर. एकूण आकड्यावर लगेच उडी मारू नका. कोकणात किनारा दक्षिणोत्तर, वस्ती पुळण आणि सडा यांच्या मधल्या पट्टीत, म्हणजे पूर्वेचं आकाश सड्याने अडवलेलं आणि पश्चिमेला उघडा समुद्र. उपग्रह एका बाजूलाच उरले की त्या दिशेतली चूक वाढते, त्यामुळे पायथ्याच्या पाखाडीत ठिपक्यांचा पुंजका गोल न राहता पूर्व-पश्चिम ताणलेला मिळायला हवा. नाही मिळाला तर जवळचा पत्रा किंवा भिंत शोधा. पावसासाठी घरांवर चढवलेले पत्रे हे इथलं परावर्तनाचं मोठं कारण आहे.

अहवालात मध्यक (निम्म्या नोंदी ज्याच्या आत येतात तो आकडा), ६८ टक्के नोंदी ज्याच्या आत येतात तो आकडा आणि ९५ टक्क्यांचा आकडा द्या. नुसती सरासरी पुरत नाही. मग फोनचा दावा तपासा: अँड्रॉइड देतं ती त्रिज्या ६८ टक्के शक्यतेची असते, म्हणजे शंभरातल्या सुमारे ६८ नोंदींत खरी चूक तिच्या आत हवी. आगरात हे प्रमाण चाळीसवर आलं तर फोन चुकतो आहे आणि वर खात्रीही देतो आहे. सेवा बनवणाऱ्याला हा आकडा सगळ्यात उपयोगी. १८०० नोंदी म्हणजे १८०० स्वतंत्र पुरावे मात्र नव्हेत, लागोपाठच्या सेकंदांची चूक सारखीच असते. सांख्यिकी चाचणी लावताना एक फेरी म्हणजे एक नमुना धरा.

उंचीचा रकाना बघून घाबरू नका. पुळणीवर उभं राहून उणे साठ-सत्तर मीटर दिसलं तर फोन बिघडलेला नाही. ती उंची पृथ्वीचा आकार म्हणून धरलेल्या गणिती लंबगोलापासूनची आहे, आणि हिंदी महासागरातल्या गुरुत्वाच्या खळग्यामुळे आपल्या किनाऱ्यावर समुद्रसपाटीच त्याच्या एवढी खाली आहे.

आकडा वापरताना

‘धक्क्यापाशी पोचलात’ अशी सूचना द्यायची असेल तर तिची त्रिज्या त्या जागेच्या ९५ टक्क्यांच्या आकड्यापेक्षा मोठी ठेवा. पण खाडीकाठी नुसती त्रिज्या फसवते. दाभोळ आणि धोपावे वाशिष्ठीच्या मुखाशी समोरासमोर आहेत. सरळ रेषेत जवळ, पण फेरी बंद असेल तर खाडीला मोठा वळसा. ‘जवळचा दवाखाना’ सरळ अंतराने शोधणारी सेवा इथे माणसाला पाण्याकडे पाठवते. मार्गाच्या जाळ्यात फेरी वेळापत्रकासह घाला आणि फेरी नसतानाचा मार्ग वेगळा काढून बघा.

लोकांच्या फोनवरून नोंदी घेणार असाल तर लेखी संमती घ्या आणि नावं काढली म्हणजे काम झालं असं समजू नका. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा लाख लोकांच्या मोबाइल नोंदी तपासल्या होत्या. स्थळ आणि वेळ असलेले चारच बिंदू ९५ टक्के लोकांना वेगळं काढायला पुरले. वीस घरांच्या वाडीत तर रात्रीचा एकच बिंदू घर सांगतो. प्रकाशित फाइलमध्ये प्रत्यक्ष स्थानं नकोत, खुणेपासूनच्या पूर्व-उत्तर चुका तेवढ्या ठेवा. अचूकतेच्या अभ्यासाला त्या पुरतात.