गिटार वाजवताना हात दुखतो, बोटं बधिर होतात: काय तपासावं, काय बदलावं

गिटार नवी असते तेव्हा पहिले तीन-चार आठवडे डाव्या हाताच्या बोटांची टोकं दुखतात, लाल होतात, त्यांवर तारेचे वळ उठतात. मग तिथे घट्टे पडतात आणि त्या नखाएवढ्या जागेत स्पर्श थोडा कमी जाणवतो. इथवर काळजीचं काही नाही. पण बधिरपणा टोकापुरता न राहता बोटभर पसरला, मनगटात ठणका लागला, किंवा गिटार खाली ठेवल्यावरही मुंग्या जात नसतील, तर ही तक्रार वेगळी आहे. ‘दुखलं तरी रेटून वाजवायचं, हात आपोआप तयार होतो’ हा सल्ला फक्त टोकांच्या कातडीपुरता खरा आहे. नसेवर दाब येत असेल तर रेटून वाजवण्याने ती तयार होत नाही, बिघडते.

आधी बोटं ओळखा

कोणती बोटं बधिर होतात यावरून दाब कुठे येतोय याचा बराचसा अंदाज बांधता येतो. एका कागदावर पंज्याची आकृती काढून बधिर भाग रंगवा. डॉक्टरकडे जायची वेळ आली तर हाच कागद उपयोगी पडतो.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू बधिर होत असेल, तर संशय मनगटातल्या कार्पल टनेलवर. या अरुंद बोगद्यातून बोटं मिटवणाऱ्या ९ शिरा, म्हणजे टेंडन, आणि एक मज्जातंतू जातो. मनगट वाकवून मूठ आवळली की आतला दाब वाढतो, आणि बार कॉर्ड (तर्जनी आडवी टाकून अनेक तारा एकदम दाबायचा कॉर्ड) धरताना बरेच जण नेमकं हेच करतात. रात्री मुंग्यांनी जाग येणं आणि हात झटकल्यावर बरं वाटणं ही याची ठळक खूण. घरी करायची चाचणी सोपी आहे: दोन्ही पंज्यांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवा, बोटं जमिनीकडे, मनगटं काटकोनात, आणि ६० सेकंद थांबा. त्याच बोटांत मुंग्या आल्या तर संशय बळावतो. नाही आल्या म्हणून आजार नाहीच, असं मात्र म्हणता येत नाही.

करंगळी आणि तिच्याकडची अर्धी अनामिका बधिर होत असेल तर कोपराकडे बघा. कोपर आपटल्यावर झिणझिणी येते ती हीच नस. कोपर बराच वेळ घट्ट दुमडून ठेवलं, टेबलाच्या कडेवर टेकवलं, किंवा उजव्या हाताचा पुढचा भाग गिटारच्या धारदार कडेवर दाबून ठेवला की तिला त्रास होतो.

फक्त तर्जनीची एक बाजू बधिर असेल तर ती बहुतेक वेळा बार कॉर्डची देणगी. तार बोटाच्या कडेच्या बारीक नसेवर रुतते. दोन-चार दिवस बार बंद ठेवला की फरक पडतो.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखणं, किंवा सकाळी बोट मिटलेलं राहून ‘कट्’ करून उघडणं, ही शिरांच्या आवरणाची सूज. विश्रांतीने उतरली नाही तर डॉक्टरकडे जा. आणि बोट दुखत नाही, बधिरही नाही, पण वाजवायला घेतलं की मनाविरुद्ध आत वळतं, बाकी कामं करताना ठीक असतं, तर तो फोकल डिस्टोनिया असू शकतो. अमेरिकन गिटारवादक बिली मॅकलॉफ्लिन यांच्या डाव्या हाताला तो झाला आणि ते हात बदलून गिटार नव्याने शिकले. इथे जास्त रियाझ म्हणजे जास्त नुकसान. थेट न्यूरॉलॉजिस्ट गाठावा.

मग गिटार तपासा, हात नंतर

हाताचे व्यायाम शोधण्याआधी फ्रेटपासून, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या (लांब दांड्यावरच्या) धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, तारा किती उंच आहेत ते मोजा. स्वस्त गिटार दुकानातून येते तीच बहुधा उंच ॲक्शन, म्हणजे तारांची जास्त उंची, घेऊन, आणि घेणाऱ्याला वाटतं आपल्याच बोटांत ताकद नाही.

मोजायला एटीएम कार्डं पुरतात. एक कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असतं. आकडे उठावाचे नसलेली, सपाट कार्डं घ्या. गिटार सुरात लावून, वाजवताना धरता तशी धरा. १२ व्या फ्रेटवर कार्डं ठेवून तारेखाली सरकवा. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारला जाड ई (सहाव्या तारे) खाली तीन कार्डं, म्हणजे २.३ मिलिमीटर, आणि बारीक ई (पहिल्या तारे) खाली दोन कार्डं जेमतेम बसावीत. जाड तारेखाली चार कार्डं आरामात जात असतील तर गिटार तुमच्याकडून फुकटची मेहनत करून घेतेय. इलेक्ट्रिकला दोन ते अडीच कार्डं पुष्कळ झाली. नायलॉनच्या क्लासिकल गिटारला जाड तारेखाली ४ मिलिमीटरपर्यंत अंतर चालतं, कारण तिच्या तारा मुळात सैल असतात.

आता नट, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघा. कागद जाईल न जाईल इतकीच हवी. फट स्पष्ट दिसत असेल तर नटच्या खाचा उंच आहेत. दुसरी परीक्षा एफ कॉर्डची: पहिल्या फ्रेटवर तो वाजवा, मग पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून तोच आकार एक फ्रेट पुढे वाजवा. कॅपो लावल्यावर अचानक खूपच सोपा गेला तर दोष नटचा. एफ येत नाही म्हणून गिटार सोडणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना नट घासून घेतला असता तर पुरलं असतं. खाचा मात्र घरी घासू नका. जरा जास्त खोल गेली तर तार खणखणते आणि नट बदलावा लागतो. हे काम दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचं.

सॅडल, म्हणजे गिटारच्या पोटावरच्या ब्रिजमधली तारा टेकतात ती पट्टी, खाली आणणं त्यामानाने सोपं. १२ व्या फ्रेटवर तार अर्धा मिलिमीटर उतरवायची तर सॅडलच्या तळातून त्याच्या दुप्पट, म्हणजे १ मिलिमीटर काढावं लागतं. पेन्सिलने रेघ मारा, काचेवर १८० नंबरचा सँडपेपर ठेवून सॅडल उभं धरून घासा आणि दर थोड्या वेळाने मोजा. तळ वाकडा घासला गेला तर आवाज मरतो. सॅडलखाली पिकअप असेल तर हा उद्योग कारागिरावर सोपवा. आधी एक सुटं सॅडल आणून ठेवा आणि मूळचं जपून ठेवा.

मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्यात याची पुन्हा तपासणी हवी. दमट हवेत लाकूड पाणी धरतं, वरची फळी ब्रिजपाशी फुगते आणि तारा उचलल्या जातात, म्हणून मे महिन्यात सोपी वाटणारी गिटार ऑगस्टमध्ये बोटं मोडते. गिटार केसमध्ये ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटं आर्द्रतामापक टाका, आकडा ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवायचा प्रयत्न करा. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात उलटं होतं: लाकूड आक्रसतं, तारा खाली येतात, फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला टोचतात.

तारा सैल करा

१२ ते ५३ च्या (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) स्टीलच्या सेटचा एकूण ताण ७० किलोच्या वर जातो. १० ते ४७ चा सेट लावला तर तो साठच्या आसपास येतो. नायलॉनच्या सेटचा चाळिशीच्या जवळ. बारीक सेट लावल्यावर मान थोडी मागे जाते आणि तारा खणखणू शकतात. ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) पाव फेरा सैल केला की बहुधा काम होतं. एका वेळी त्याहून जास्त फिरवू नये. क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा कधीही लावू नका, ब्रिज उखडून येतो.

तारा न बदलताही ताण उतरवता येतो. सगळ्या तारा अर्धा सूर खाली लावा, ताण ११ टक्क्यांनी कमी होतो. पूर्ण सूर खाली लावला तर सुमारे २० टक्क्यांनी. मूळ पट्टी हवी असेल तर अनुक्रमे पहिल्या किंवा दुसऱ्या फ्रेटला कॅपो लावा. त्यात आणखी एक फायदा असा, की फ्रेटमधली अंतरं पुढे कमी होत जातात. ६४८ मिलिमीटर स्केलच्या (नटपासून सॅडलपर्यंत तारेची लांबी) गिटारवर नटपासून पहिल्या फ्रेटपर्यंत ३६ मिलिमीटर, तर चौथ्यापासून पाचव्यापर्यंत २९. बोटं कमी ताणावी लागतात. दुखणाऱ्या हातासाठी यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

किती दाबताय ते बघा

गिटार ठीक करूनही दुखत असेल तर दोष बहुतेक दाबात असतो. पाचव्या फ्रेटच्या अगदी मागे, फ्रेटच्या धातूला लागून, तारेवर बोट नुसतं टेकवा. छेडा: ‘ठक्’ आवाज येईल. किंचित दाबा: खणखणेल. आणखी किंचित: सूर स्वच्छ येईल. तिथेच थांबा. आता नेहमीसारखं वाजवून बघा, म्हणजे दोन्हींतला फरक बोटालाच कळेल. रोज सुरुवातीला दोन मिनिटं हे प्रत्येक बोटाने करा. फ्रेटपासून बोट जितकं मागे, तितका दाब जास्त लागतो.

अंगठा मानेमागे साधारण मधल्या बोटासमोर, नुसता टेकलेला. एक सोपा कॉर्ड धरून अंगठा अर्धा सेंटिमीटर उचला. सूर टिकला तर ठीक. मरत असेल तर तुम्ही अंगठा आणि बोटांच्या चिमटीत मान आवळताय. जोर हाताच्या वजनातून यायला हवा: कोपर सैल लोंबू द्या आणि बोटांनी मान हलकेच मागे ओढा, उजव्या हाताचा पुढचा भाग गिटारला जागेवर धरेल.

बार धरताना तर्जनीने सहाही तारा सारख्याच दाबायच्या नसतात. एफ मध्ये तिच्याकडे फक्त सहावी, दुसरी आणि पहिली तार असते. मधल्या तीन बाकीची बोटं धरतात. तर्जनी थोडी अंगठ्याच्या बाजूला वळवली की कडेचा टणक भाग तारेवर येतो. पण नेमकी तीच कडा बधिर होत असेल तर बार पूर्ण बंद, आणि चार तारांचा छोटा एफ वाजवा.

उजवा हात जोरात स्ट्रमिंग करू लागला की डावा नकळत आवळला जातो. म्हणून तालीम हळू आवाजात करा. पिक ०.६ मिलिमीटरच्या आसपास पातळ घेतला तर उजवी चिमूटही सैल राहते.

बसणं

मांडी घालून गिटार घेतली की ती खाली जाते, मान आडवी होते आणि डावं मनगट दुमडतं. खाली बसायचंच असेल तर मांडीवर घट्ट उशी ठेवा आणि हेडस्टॉक (खुंट्या असतात ते टोक) खांद्याच्या वर आणा. पलंग आणि सोफा टाळा, बिनहाताची खुर्ची बरी. बसूनही पट्टा लावावा, म्हणजे डाव्या हाताला मानेचं वजन पेलावं लागत नाही. पट्टा दोन-तीन इंच रुंद असावा. उभं राहून गुडघ्यापर्यंत लोंबवलेली गिटार दिसते झकास, पण मनगट काटकोनात जातं.

४१ इंची ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या पोटाची अकूस्टिक गिटार, लहान चणीच्या माणसाला मोठी पडते. उजवा खांदा वर चढतो आणि गिटारची कड हातात रुतते. अशा वेळी ३८ इंची किंवा कमी खोलीची गिटार बघा. तोवर कडेवर सुती नॅपकिन घडी करून टाका.

त्रास सुरू झाल्यावर

मुंग्या आल्या की त्याच क्षणी थांबा, ओळ पूर्ण करायची म्हणून वाजवत राहू नका. मनगट सरळ ठेवून हात खाली सोडा. वेदनाशामक गोळी खाऊन वाजवणं सगळ्यात वाईट, कारण थांबायची सूचनाच बंद होते. स्प्रिंगचे हँडग्रिप दाबून ‘ताकद वाढवणं’ही नको.

मुंग्या अंगठ्याकडच्या बोटांत आणि रात्री येत असतील तर औषधाच्या दुकानात मिळणारा मनगटाचा स्प्लिंट झोपताना लावा. त्यातली धातूची पट्टी बहुधा मागे वाकवलेली असते. ती काढून सरळ करा, कारण मनगट सरळ असताना दाब सर्वांत कमी असतो. पट्टे सैलच बांधा. सहा आठवडे रोज लावावा, वाजवताना नाही. करंगळीकडचा त्रास असेल तर झोपताना कोपराभोवती टॉवेल गुंडाळा, म्हणजे ते दुमडत नाही.

दिवसभरातलं बाकीचं ओझंही मोजा. दुचाकीचा क्लच, तासन्‌तास मोबाइल, मनगट टेकवून टायपिंग, हे सगळं त्याच नसा-शिरांवर पडतं. ट्रॅफिकमधून घरी आल्यावर लगेच गिटार न घेता अर्धा तास जाऊ द्या. थंडीत हात आधी कोमट पाण्यात धरा.

दोन-तीन दिवस काहीच त्रास नसेल तर पुन्हा सुरुवात: दिवसातून दोनदा ५ मिनिटं, हलक्या तारा, बार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हात ठीक असेल तर दर दोन-तीन दिवसांनी ५ मिनिटं वाढवा. सकाळी त्रास जाणवला तर एक पायरी मागे. एका बैठकीला २० मिनिटांहून जास्त नको, मध्ये ५ मिनिटं हात मोकळा. बार कॉर्ड सगळ्यात शेवटी आणा.

डॉक्टरकडे कधी

बधिरपणा सतत राहतो, वस्तू हातातून पडतात, शर्टाची बटणं लावता येत नाहीत, अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट होतोय, मानेपासून हातभर चमक जाते, किंवा दोन आठवडे विश्रांती घेऊनही फरक नाही, यांपैकी काहीही असलं तर थांबू नका. बधिरपणा अचानक एका बाजूला येऊन तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा छातीत दुखू लागलं तर लगेच रुग्णालयात जा.

दोन्ही हातांत, शिवाय पायांतही मुंग्या असतील तर गिटारला दोष देण्याआधी रक्त तपासा. मधुमेह, थायरॉइड आणि बी-१२ ची कमतरता यांत असं होतं, आणि पूर्ण शाकाहारी माणसात बी-१२ कमी असणं आपल्याकडे नेहमीचं. गरोदरपणातही कार्पल टनेलचा त्रास होतो, बाळंतपणानंतर तो बहुधा ओसरतो.

अस्थिरोगतज्ज्ञ, हाताचे सर्जन किंवा न्यूरॉलॉजिस्ट यांपैकी कोणीही चालेल. ते नर्व्ह कंडक्शन तपासणी सांगू शकतात. तीत नस कुठे आणि किती दबलीय ते कळतं. फिजिओथेरपिस्टकडे जाताना गिटार घेऊन जा. नेता येत नसेल तर मोबाइलवर दोन व्हिडिओ काढा, एक समोरून आणि एक डाव्या मनगटाच्या बाजूने, दोन्हींत ज्या कॉर्डला हात दुखतो तोच वाजवत.