वासोट्याला जाताय? या चुका टाळा

दर हिवाळ्यात साताऱ्याजवळच्या वासोटा किल्ल्यावर तीच गडबड बघतो, म्हणून लिहितोय.

पहिली चूक उशिरा निघण्याची. साताऱ्यात पोवई नाक्यावर सावकाश मिसळ, यवतेश्वरच्या घाटात फोटो, कासला चहा. बामणोलीत पोचेपर्यंत अकरा वाजलेले. पुढे वनखात्याची परवानगी आणि शिवसागर जलाशयातून तासा-दीड तासाची बोट, म्हणजे चढायला भर दुपार. हे कोयना अभयारण्य आहे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं. गडावर मुक्काम चालत नाही, दिवसाउजेडी खाली यावंच लागतं.

मी पाचलाच सातारा सोडतो, न्याहारी डब्यातली. आणि दुपारी दोनला जिथे असू तिथून मागे फिरायचं, माथा पाच मिनिटांवर असला तरी.

दुसरी चूक शॉर्टकटची, तिचा मला मनापासून राग आहे. तीन वर्षांपूर्वी उतरताना माझ्या भाच्याने वळण टाळलं आणि झाडीतून सरळ खाली उतरायला घेतलं. या जंगलात वाळक्या पानांचा थर घोटाभर असतो. खाली दगड आहे की खळगा, कळत नाही. त्याचा पाय मुरगळला. दोघांनी खांदा देऊन त्याला आणलं. एरवी तासाभराची उतरण, त्या दिवशी तीन तास लागले. ओढ्याकाठच्या मारुतीपाशी आलो तेव्हा काळोख पडला होता, बॅटरी एकच होती आणि पलीकडे काहीतरी जड धूड फांद्या मोडत चाललं होतं. गवा असावा. जागच्या जागी थांबलो, तो आवाज लांब जाईपर्यंत कुणी बोललं नाही. आमचे नावाडी मामा शोधत ओढ्यापर्यंत आले होते, त्यांचा आवाज ऐकून भाचा रडलाच. पाच मिनिटं वाचवायला गेला होता पोरगा. तेव्हापासून नवख्याला मी कायम मधे चालवतो.

प्लास्टिक खाली मोजून घेतात, अनामत ठेवावी लागते. निम्मं सामान घरीच ठेवा.

पाणी माणशी तीन लिटर.

स्पीकर नकोच. त्या रानात शेकरू दिसतं, पण शांत राहणाऱ्यालाच.

बाबूकड्याच्या टोकावर सेल्फी काढू नका.

उन्हाळ्यात जलाशयाचं पाणी मागे हटतं, बोटीपासून पायथ्यापर्यंतची चाल वाढते. तेवढा वेळ जास्तीचा धरा.

बोट अख्खी ठरवावी लागते. दोघं-तिघंच असाल तर बामणोलीच्या धक्क्यावर दुसरा छोटा गट गाठा, पण परतीची वेळ निघण्याआधीच नावाड्यासमोर ठरवून घ्या.