अल्बमचे वेष्टन आणि मासिकातील जाहिरात: आधी मापे, मग सजावट
अल्बमचे वेष्टन आणि त्याची मासिकातील जाहिरात तयार करण्याच्या प्रकल्पासाठी झाडीपट्टीतील (पूर्व विदर्भातील) दंडार या लोकनाट्याच्या गाण्यांचा अल्बम निवडला असेल, तर सजावटीआधी मापे ठरवावीत. सीडीचा व्यास १२० मिलिमीटर असतो. म्हणून मुखपृष्ठाचा चौरस साधारण तेवढाच धरावा, चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (छापल्यावर कापला जाणारा जादा भाग) सोडावे आणि फाइल ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) ठेवावी, कारण व्हॉट्सॲपवरून आलेले छायाचित्र मोबाइलवर स्वच्छ दिसले तरी छपाईत फाटते. मूळ छायाचित्रे स्वतः काढावीत. धानाच्या बांध्या आणि रात्रीचा मांडव गावातच असताना इंटरनेटवरचे सह्याद्रीचे कडे वापरणे हा त्या कलावंतांवर अन्याय आहे.

मासिकातील जाहिरात म्हणजे मोठे केलेले मुखपृष्ठ नव्हे. तिच्यात तेच मुख्य छायाचित्र, तोच फॉन्ट आणि तेच रंग कायम ठेवून अल्बमचे नाव, कलावंत, प्रकाशनाची तारीख आणि मिळण्याचे ठिकाण एवढेच ठळकपणे द्यावे. गाण्यांची यादी वेष्टनाच्या मागील बाजूसच शोभते.

देवनागरीसाठी ‘मुक्त’सारखा मोफत युनिकोड फॉन्ट घ्यावा. तालुक्याच्या छापखान्यात तो नसल्यास जोडाक्षरे तुटतात, म्हणून अक्षरे आउटलाइनमध्ये (फॉन्टविना दिसणाऱ्या आकारांत) बदलून सीएमवायके म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांतील पीडीएफच द्यावी आणि एक नमुना प्रत छापून पाहावी.