जुनी एमएक्स-५ घरी दुरुस्त करताय? मग निदान या चुका तरी टाळा

माझ्याकडे १९९१ ची माझ्दा एमएक्स-५ आहे. पहिल्या पिढीची, १.६ लिटर इंजिनाची, वर उघडणाऱ्या दिव्यांची. अमेरिकेत हिला मियाटा म्हणतात, जपानमध्ये ही युनॉस रोडस्टर म्हणून विकली गेली. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि पुढे जगातली सगळ्यात जास्त खपलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार ठरली. इंग्लंडमध्ये या गाड्या अजून बऱ्यापैकी स्वस्तात मिळतात, त्यामुळे इथे नोकरीला आलेली आपली मुलं हौसेने घेतात. घेतल्यावर आठवड्याभरात मला फोन येतो. कारण मी मिडलंड्समधल्या माझ्या ड्राइव्हवेवर गेली चौदा वर्षं या गाडीखाली आडवा असतो, हे आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं असतं.

फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, एक्झॉस्ट कुठला लावू?"

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. अरे, आधी पाणी कुठून जातंय ते बघ.

पाण्याच्या वाटा बुजवून ठेवणं

ही माझी सगळ्यात जुनी तक्रार, म्हणून सगळ्यात आधी. या गाडीच्या कापडी टपावर पडलेलं पाणी मागच्या कडेला, सीटांच्या पाठीमागे, एका पन्हाळीत जमतं. तिथून दोन्ही बाजूंना सीटबेल्टच्या खांबांजवळ एकेक भोक आहे. भोकातून नळी खाली उतरते आणि पाणी मागच्या चाकाच्या पुढे, गाडीच्या पोटाखाली पडतं. या भोकांत झाडाचा पाला, धूळ आणि टपाचे धागे साचतात. वाट बुजली की पाणी एक तर सीटमागच्या गालिच्यात उतरतं, नाहीतर सिलमध्ये. सिल म्हणजे दाराखालची पत्र्याची लांब पोकळ पेटी. आत शिरलेलं पाणी बाहेर येत नाही. पत्रा आतून कुजायला लागतो, आणि बाहेरचा रंग छान राहतो.

नाशिकचा एक मुलगा, इथे आयटीत. त्याने हिरवी मार्क वन, म्हणजे पहिल्या पिढीचीच गाडी, घेतली. गाडी चमकत होती, चाकं नवी, सीटांना नवं लेदर. मला दाखवायला आणली तेव्हा मी स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन मागच्या चाकाच्या पुढे सिलवर टकटक केली. चांगला पत्रा टणटण वाजतो. हा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वाजला. मी जरा दाबलं तर रंगाखालचं पुटिंग पापड मोडावा तसं मोडलं आणि माझा अंगठा आत गेला. वरून कीर्तन, आतून तमाशा. विकणाऱ्याने भोकात फोम भरून वर पुटिंग मारलं होतं. मुलगा पांढरा पडला. मलाही वाईट वाटलं, पण अंगठा काढून घेण्याशिवाय मी काय करणार होतो?

इथे दरवर्षी एमओटी नावाची तपासणी असते. सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन जिथे बसवलंय त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कुजलेला असेल तर गाडी नापास. मागचं सिल नेमकं त्याच टापूत येतं. दोन्ही बाजू कापून नवा पत्रा वेल्ड करायला त्याला गाडीच्या किमतीच्या निम्मे पैसे मोजावे लागले. एक्झॉस्टचा विषय त्यानंतर निघाला नाही.

उपाय माझ्या सवयीचा सांगतो. पडदे लावायची ती प्लास्टिकचं आवरण असलेली स्प्रिंगची तार आपल्याकडे घरोघरी असायची ना, तीच. टप अर्धा उघडायचा, तार वरून भोकात घालायची, हलक्या हाताने फिरवत खाली न्यायची. मग अर्धा लिटर पाणी हळूहळू ओतायचं आणि खाली वाकून बघायचं. दोन्हीकडून सारखी धार पडली पाहिजे. काही लोक सायकलची आरी किंवा कपड्यांच्या हँगरची तार खुपसतात. नळीच्या खालच्या टोकाला रबराची झडप असते, ती फाटते, नळीही फाटते, आणि मग पाणी थेट पेटीत जातं. कॉम्प्रेसरची हवाही नको. वर्षातून दोनदा करा: एकदा पानगळ संपल्यावर, एकदा वसंतात. पाच मिनिटांचं काम आहे. गाडीवर मेण चोळायला तीन तास देणाऱ्या माणसाला ही पाच मिनिटं का सापडत नाहीत, हे कोडं मला सुटलेलं नाही.

कारण न शोधता सुटे भाग बदलत सुटणं

इथे शहाणपण शिकवायच्या आधी माझी स्वतःची लाज सांगतो. गाडी घेऊन दोन वर्षं झाली होती. पार्किंगच्या जागेवर तेलाचे थेंब दिसायला लागले, गिअरबॉक्स इंजिनाला जिथे जोडलेला असतो तिथून. मी खाली शिरलो, बॅटरी मारली, क्लचच्या हाउसिंगवर तेल बघितलं आणि निकाल दिला: क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं ऑइल सील गेलं.

ते बदलायचं म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा. या गाडीत गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) यांना जोडणारी ॲल्युमिनियमची लांब चौकट असते, ती आधी काढायची. प्रॉपेलर शाफ्ट, एक्झॉस्ट, स्टार्टर, सगळं बाहेर. नोव्हेंबर महिना, वर ताडपत्री, खाली पुठ्ठा, पाऊस आडवा. दोन शनिवार-रविवार गेले. सील बदललं, हात लागलाच आहे म्हणून क्लचही बदलला, सगळं परत जोडलं. बायकोने चहा आणून विचारलं, "झालं?" मी मोठ्या ऐटीत "झालं" म्हणालो.

मंगळवारी सकाळी त्याच जागेवर तोच थेंब.

आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. तेल येत होतं वरून. या इंजिनात सिलिंडर हेडच्या अगदी मागे, केबिनच्या भिंतीला चिकटून, कॅम अँगल सेन्सर बसवलेला असतो. त्याच्या दांड्यावर एक रबरी ओ-रिंग असते. वीस-पंचवीस वर्षांत ती रबराची बांगडी न राहता प्लास्टिकची होते. तेल तिथून झिरपतं, हेडच्या मागून ओघळतं, क्लचच्या हाउसिंगवर येऊन थेंब धरतं. खालून बघणाऱ्याला वाटतं सील गेलं. ओ-रिंग मिळते चहाच्या किमतीत. सेन्सर काढायला एकच बोल्ट, १२ चा पाना.

तेव्हापासून गळती दिसली की पाना हातात घेत नाही. आधी इंजिनाची ती बाजू डीग्रीझरने धुतो, कोरडी करतो आणि बाळाला लावायची टाल्कम पावडर भुरभुरतो. मग दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून आरसा आणि बॅटरी घेऊन वरून खाली बघत येतो. पांढऱ्या पावडरीत पहिली ओली रेघ जिथे सुरू होते, तिथे गळती. तेल गुरुत्वाकर्षणाचा नियम पाळतं, त्यामुळे शोध कायम वरून सुरू करायचा. पुण्यात मामांच्या स्कूटर गॅरेजात लहानपणी मी हेच ऐकलं होतं, "थेंब कुठे पडतोय ते नको सांगू, निघतोय कुठून ते सांग." तेव्हा वाटायचं मामा उगाच पिडतात.

आता या सेन्सरचीच दुसरी चूक. तो खोबणीत एकाच पद्धतीने बसतो, पण बसल्यावर डावी-उजवीकडे फिरतो, आणि त्या फिरण्यावर इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडायची ते, ठरतं. लोक खूण न करता काढतात आणि "अंदाजे तिथेच होता" म्हणून घट्ट करतात. मग गाडी मंद होते किंवा चढावर ठोके मारते, आणि दोष पेट्रोलला दिला जातो. काढायच्या आधी सेन्सर आणि हेड या दोन्हींवरून एक रेघ मारा. मी नेलपॉलिश वापरतो, तेलाने जात नाही. नंतर टायमिंग लाइटने तपासा. त्यासाठी बॉनेटखालच्या डायग्नोसिसच्या काळ्या डबीत टीईएन आणि जीएनडी या दोन टोकांत तारेचा तुकडा जोडावा लागतो. ती तार न जोडता बघितलं तर कॉम्प्युटर आयडलिंग सांभाळण्यासाठी टायमिंग स्वतःच हलवत असतो आणि तुम्ही हलत्या आकड्याच्या मागे धावत बसता. इंजिन गरम, आयडलिंग मिनिटाला ८५० फेऱ्यांच्या आसपास, तार जोडलेली, आणि खूण टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) १० अंश आधी. मगच तो बोल्ट आवळा, आणि तार काढायला विसरू नका.

मिसफायरचंही तसंच. चढावर गाडी अडखळली की प्लग, कॉइल, फ्युएल पंप, सेन्सर अशी खरेदी सुरू होते. या गाडीत बहुतेक वेळा प्लगच्या वायरी गेलेल्या असतात. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू करा, गेलेली वायर निळ्या ठिणग्या टाकते, दिवाळी दिसते.

आधी तेल काढून टाकणं

गिअरबॉक्सचं तेल बदलताना भरायचा बोल्ट आधी सोडवा, मग खालचा. दोन्ही २४ चे. उलट केलंत, तेल वाहून गेलं आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर गाडी कोरड्या गिअरबॉक्सवर उभी. रविवारी दुपारी चारला असे फोन येतात. गिअरबॉक्समध्ये ७५डब्ल्यू-९० जीएल-४ घाला, सिंक्रोच्या (गिअर सहज पाडणाऱ्या कड्यांच्या) पितळेला ते मानवतं. डिफरन्शियलला जीएल-५ चालतं. एकाच डब्यात दोन्ही उरकायचा मोह टाळा.

हँडब्रेक लागत नाही म्हणून केबल ताणणं

केबल शेवटी. मागच्या कॅलिपरच्या (ब्रेकची डिस्क पकडणाऱ्या भागाच्या) पाठीला १४ चा एक बोल्ट आहे, तो काढा, आत ४ च्या ॲलन कीचा स्क्रू दिसेल. घड्याळाच्या दिशेने फिरवत चाक जॅम होईपर्यंत न्या, मग साधारण तृतीयांश फेरा मागे. चाक मोकळं फिरलं पाहिजे. हाच स्क्रू उलटा फिरवून पिस्टन आत घेतात. नवे पॅड बसवताना मागच्या पिस्टनवर सी-क्लॅम्प आवळून जोर करणारे आतली यंत्रणा मोडून ठेवतात.

सिलवर कुठेही जॅक लावणं

वर सिलबद्दल एवढं वाचलंत, आता तिथेच जॅक लावाल? पुढे मधली क्रॉसमेंबर (आडवी तुळई), मागे डिफरन्शियल, आणि गाडी उचलली की ॲक्सल स्टँड खाली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरणाऱ्याला मी मदत करत नाही, फोन ठेवून देतो.

बाकी किरकोळ, पण पुन्हापुन्हा दिसणारं

व्हॉल्व्ह कव्हरचे बोल्ट मनगटाच्या जोराने आवळा, खांद्याच्या नाही. हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले की रडू येतं. सीलंटचे ठिपके फक्त कोपऱ्यांत, सगळीकडे केकवरच्या क्रीमसारखे नकोत.

सकाळी इंजिन टकटक करतं म्हणून घाबरून हेड उघडू नका. व्हॉल्व्ह दाबणारे हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, टॅपेट आहेत, जुनं तेल आवडत नाही त्यांना. तेल बदला, मग बोलू.

गिअर पडेना झाला तर गिअरबॉक्स उतरवण्याआधी क्लचच्या तेलाची डबी बघा. निम्म्या वेळा क्लच ढकलणारा खालचा स्लेव्ह सिलिंडर गळत असतो.

बॅटरी डिकीत असते. तिथे वायू बाहेर नेणाऱ्या नळीची सोय असलेलीच बॅटरी हवी. स्वस्तातली साधी बॅटरी ठेवलीत तर ॲसिडच्या वाफेने डिकीचा कोपरा खाल्ला जातो.

रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी काळी असते. ती तपकिरी पडली असेल तर ती फुटायची वाट बघू नका.

टप खाली घेण्याआधी मागची प्लास्टिकची काच चेन उघडून सपाट करा, आणि थंडीत तर टपाला हातच लावू नका. घडी पडली की काच तडकते.

टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांवर बदला. तुटला तरी या इंजिनात व्हॉल्व्ह वाकत नाहीत, हे ऐकून लोक निवांत होतात. व्हॉल्व्ह वाचतील, तुम्ही मात्र मोटरवेच्या कडेला उभे असाल. आणि १९९० किंवा १९९१ च्या सुरुवातीची गाडी असेल तर बेल्टच्या कामाआधी क्रँकच्या पुलीवरच्या खाचा मोजा. आठ असतील तर बिनधास्त कामाला लागा. चार असतील तर तुमचा क्रँक आखूड नाकाचा आहे, नाक म्हणजे पुली बसते ते टोक. त्यावरचा बोल्ट अंदाजाने आवळला तर तो सैल पडतो, आतली चावी आणि तिची खाच झिजते, आणि मग क्रँकच कामातून जातो. तिथे टॉर्क रेंच, नवा बोल्ट आणि मॅन्युअलमधला आकडा, हे तिन्ही हातात असल्याशिवाय सुरुवात करू नका.