पोरांची डायरी वाचायची कशी

युद्धकाळातल्या डायऱ्या नववीच्या हाती देण्याआधी मी त्यांना माझी पाचवीतली वही दाखवतो. ३१ ऑक्टोबर १९८४, दिवाळीच्या सुट्टीत चोपड्याला मामाकडे: ‘रेडिओवर आज गाणी लागलीच नाहीत. मामीने शेवभाजी केली. फार तिखट.’ खाली दुसऱ्या शाईत: ‘आज इंदिरा गांधींची हत्या झाली.’

आमच्या अमळनेरच्या वर्गात कोणी ना कोणी पकडतंच, “सर, हाई वळ मांगेनी शे ना?” मागाहूनचीच. मोठ्या भावाने चिडवलं म्हणून घुसवलेली. पुरावा म्हणून मला गाण्यांची ओळ जास्त मोलाची वाटते.

तर आधी बघा, वर तारीख कुठलीही असो, लिहिलं कधी? जर्मनांच्या ताब्यातल्या अ‍ॅमस्टरडॅममध्ये अ‍ॅन फ्रँक ही ज्यू मुलगी १२ जून १९४२ पासून, तेराव्या वाढदिवसापासून, डायरी लिहीत होती. २८ मार्च १९४४ ला लंडनहून डच मंत्र्याने रेडिओवर सांगितलं, युद्ध संपलं की लोकांच्या डायऱ्या, पत्रं गोळा करू. मग तिने सुट्या कागदांवर सगळं नव्याने लिहायला घेतलं. १९४७ चं पुस्तक वडिलांनी दोन्ही मजकुरांतून जुळवलं. म्हणजे छापील पान वाचताना तेरा वर्षांची अ‍ॅन बोलतेय की पंधराची, हे विचारायलाच हवं. त्याने डायरी खोटी ठरत नाही, हे वर्गात दोनदा सांगावं लागतं.

मग पेन्सिली घ्या. डोळ्यांनी पाहिलेलं निळ्याने, ऐकीव लालने. ज्यूंनी सायकली जमा करायच्या, खरेदी दुपारी तीन ते पाचमध्येच, ट्राममध्ये बसायचं नाही, हे तिने स्वतः भोगलेलं. सरकारी हुकमांशी ताडूनही बघता येतं. आघाडीवरची बातमी मात्र लाल. त्यातून लढाई कळत नाही, ती लपून राहिली त्या घरात काय कानावर आलं तेवढं कळतं.

खाण्याच्या नोंदी वगळू नका. पोरं मोठ्यांपेक्षा ताट नीट बघतात. पोलंडमधल्या वुज शहराच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, दाविद शेराकोवियाक हा पोरगा पाव नि सूप किती मिळालं ते लिहीत राही. शेवटची नोंद एप्रिल १९४३ ची, त्याच ऑगस्टमध्ये तो गेला. पाच वह्या उरल्या, मधल्या नाहीत. फळ्यावर त्या महिन्यांच्या चौकटी आम्ही कोऱ्या ठेवतो. परवा एकाने तिथे ‘भूक’ लिहिलं. मी पुसलं.