रानातली झाडं ओळखायची कशी? सुरुवात पानाच्या देठापासून

रानात एखादं फूल आवडलं की आपण त्याचा रंग लक्षात ठेवतो आणि नंतर नाव शोधत बसतो. नुसत्या रंगावरून हाती फार थोडं लागतं. घाणेरीच्या एकाच झुपक्यात पिवळी, केशरी आणि गुलाबी फुलं असतात. शिवाय फूल चार दिवसांचं, पान बराच काळ हाताशी. म्हणून आधी पान बघा.

१. एक पान म्हणजे नेमकं किती, ते ठरवा. डहाळी आणि देठ यांच्या बेचक्यात इवलासा डोळा असतो. डोळ्यापासून पुढचं सगळं मिळून एक पान. पळसाची 'तीन पानं' ही एकाच पानाच्या तीन पर्णिका, म्हणजे पानाचे सुटे भाग, कारण त्यांच्या बुडाशी डोळा नसतो. एवढं जमलं की निम्मा घोळ मिटतो. मग मांडणी बघा: पानं एकाआड एक, समोरासमोर, की सातविणीसारखी एकाच पेराभोवती गोलाकार?

२. डहाळी आणि साल वाचा. वड, पिंपळ, उंबर यांच्या डहाळीवर पेराशी बारीक गोल वळ असतो. कोवळ्या पानाचं आवरण गळल्याची ती खूण, आणि पान खुडलं की पांढरा चीक येतो. अनोळखी झुडपाला मात्र बघितल्याशिवाय हात लावू नका. खाजकुइलीच्या शेंगेवरची लव अंगाची आग करते, रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते.

३. फुलाचे भाग मोजा. पाकळ्या तीन किंवा सहा आणि पानाच्या शिरा समांतर असतील तर बहुधा एकदल (बीत एकच दल असलेली) वनस्पती. चार किंवा पाच असतील तर बहुधा द्विदल (बीत दोन दलं असलेली). सुटी नावं पाठ करण्यापेक्षा आधी चार-पाच कुळं, म्हणजे नात्यातल्या झाडांचे गट, शिकावीत, असं मला मनापासून वाटतं. चौकोनी खोड आणि समोरासमोर पानं दिसली की तुळशीचं कुळ आठवा. पुंकेसर (परागकण धरणारे तंतू) जुळून मधोमध नळी झाली असेल तर जास्वंदीचं. एकदांडीचं फूल भिंगाखाली धरा: ते एक फूल नाहीच! मध्ये पिवळ्या नळीदार फुलांची दाटी, कडेला दातेरी टोकाची मोजकी पांढरट फुलं. हे सूर्यफुलाचं कुळ.

४. फोटो काढा, तोडू नका. पूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू, देठाचा जोड, फूल समोरून आणि बाजूने, फळ, साल. तारीख, जागा आणि जमीन कशी होती तेही लिहा.

५. नाव पडताळा. अ‍ॅपचं उत्तर हा अंदाज समजा आणि वरच्या खुणांशी ताडून बघा. शास्त्रीय नावही टिपा, त्यातला पहिला शब्द नातं सांगतो. अर्जुन आणि ऐन दोघेही टर्मिनालिया. पण अर्जुनाची साल फिकट, गुळगुळीत, तर ऐनाची काळपट, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली.

फोटोच्या भरवशावर रानातलं काहीही तोंडात घालू नका. कळलावीचं फूल देखणं, पण ती मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी. फूल नसलं तरी पानाच्या टोकावरून ती कळते. ते टोक तणाव्यासारखं वळून शेजारच्या फांदीला धरतं.

एखादं झाड ऋतू बदलले की पुन्हा जाऊन बघा. पळस फुलतो तेव्हा त्यावर पानं जवळजवळ नसतातच. वहीत प्रत्येक झाडापुढे थोडी जागा सोडा. कळी, फळ आणि पानगळीच्या तारखा तिथे लिहिता येतील.